अलास्का विद्यापीठ, २०१९ : आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या तीन दिवस आधी आलेली कपात

अलास्काचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. २०१९ साली त्याच्या आदल्या शुक्रवारी, २८ जूनला, राज्यपाल माइक डनलेव्ही यांनी अर्थसंकल्पावर सही करताना अलास्का विद्यापीठाच्या अनुदानातले १३ कोटी डॉलर खोडले. विधिमंडळाने ५० लाख आधीच कमी केले होते. मागच्या वर्षी राज्याच्या सर्वसाधारण निधीतून विद्यापीठाला ३२.७ कोटी डॉलर मिळाले होते. आता हाती राहत होते १९.२ कोटी. कपात ४१ टक्के, आणि नवे वर्ष लागायला मध्ये फक्त शनिवार-रविवार.

त्या उन्हाळ्यात ४१ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र नजर तारखेवर ठेवावी, असे आमचे मत आहे. विद्यापीठाचा खर्च मुख्यतः पगाराचा असतो. पगारावरची माणसे करारांनी आणि नोटिशीच्या मुदतींनी बांधलेली असतात आणि विद्यार्थी प्रवेश घेऊन बसलेले असतात. अशी संस्था तीन वर्षांत २० टक्के खर्च कमी करू शकते, हाल सोसून का होईना. एकाच वर्षात ४० टक्के, तेही वर्ष सुरू झाल्यावर, कमी करायला निघाले की गणित जुळतच नाही. ते का जुळत नाही हे पुढे आकड्यांनिशी मांडले आहे.

राज्याच्या तिजोरीतली ओढाताण

अलास्कात राज्याचा वैयक्तिक आयकर नाही. तो १९८० मध्ये रद्द झाला. राज्याचा विक्रीकरही नाही. कारभार चालतो तो तेलाच्या उत्पन्नावर आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने उभ्या राहिलेल्या पर्मनंट फंडाच्या परताव्यावर. २०१९ मध्ये या फंडात सुमारे ६,५०० कोटी डॉलर होते. त्यातून पात्र रहिवाशाला, अगदी लहान मुलालाही, दरवर्षी लाभांश मिळतो. पहिला लाभांश १९८२ मध्ये वाटला गेला, १,००० डॉलरचा.

२०१४ पासून तेलाचे भाव कोसळले आणि राज्याची जुनी घडी विस्कटली. २०१६ मध्ये तेव्हाचे राज्यपाल बिल वॉकर यांनी लाभांशाची जवळपास निम्मी रक्कम व्हेटोने रोखली. लाभांशाची रक्कमही इतर खर्चाप्रमाणे दरवर्षी विधिमंडळाने मंजूर करायला हवी, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. २०१८ मध्ये फंडातून ठरावीक टक्के रक्कम कारभारासाठी काढण्याचा कायदा झाला. तिथून पुढे लाभांश, शाळा, आरोग्य आणि विद्यापीठ हे सगळे एकाच रकमेवर हक्क सांगू लागले.

डनलेव्ही नोव्हेंबर २०१८ मध्ये निवडून आले ते जुन्या सूत्राप्रमाणे पूर्ण लाभांश देण्याच्या आणि नवा कर न लावण्याच्या आश्वासनावर. पूर्ण लाभांश म्हणजे माणशी सुमारे ३,००० डॉलर. सहा लाखांवर लाभार्थी धरले, तरी एकूण बोजा १८० कोटींच्या पुढे जातो. अर्थसंकल्पातली तूट होती सुमारे १६० कोटींची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कपातीचे मूळ कळते. राज्याकडे पैसा नव्हता असे नाही, तो आधी कुणाला द्यायचा याचा वाद होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यपालांनी मांडलेल्या अर्थसंकल्पातच विद्यापीठाच्या अनुदानात १३.४ कोटींची कपात सुचवली होती, त्यामुळे जूनचा व्हेटो अगदी अचानक आला असे म्हणता येत नाही. पण विधिमंडळाने ती सूचना फेटाळून फक्त ५० लाख कमी केले होते. इथे विद्यापीठाच्या वित्त विभागापुढे एक अवघड पेच असतो. नुसत्या प्रस्तावाच्या भरवशावर माणसे कमी करायला सुरुवात केली, तर विद्यार्थी आणि चांगले प्राध्यापक तेव्हाच निघून जातात आणि जी कपात कदाचित झालीच नसती तिचे नुकसान आधीच भोगावे लागते. वाट पाहिली, तर कपात खरी झाल्यावर हाताशी महिनेच उरत नाहीत.

हे विद्यापीठ आहे तरी कसे

अलास्का विद्यापीठ म्हणजे एका छत्राखालची तीन विद्यापीठे: अँकरेज, फेअरबँक्स आणि जुनोचे साउथईस्ट. तिन्हींची अधिस्वीकृती, म्हणजे दर्जाची अधिकृत मान्यता, स्वतंत्र आहे. त्यांच्या जोडीला राज्यभर विखुरलेली तेरा सामुदायिक केंद्रे आहेत. त्यांतली काही अशा गावांत आहेत, जिथे रस्त्याने पोचता येत नाही, विमानानेच जावे लागते. तेव्हा एकूण विद्यार्थी सुमारे २६,००० होते. वर सगळ्यांचा मिळून एक अध्यक्ष (तेव्हा जिम जॉन्सन) आणि अकरा सदस्यांचे बोर्ड ऑफ रीजंट्स. रीजंट्सची नेमणूक राज्यपाल करतात, विधिमंडळ तिला मान्यता देते. विद्यापीठाचा कारभार या मंडळाकडे आहे हे राज्यघटनेत लिहिले आहे. म्हणजे राज्यपाल पैसा रोखू शकतात, पण अमुक विभाग बंद करा असा हुकूम देऊ शकत नाहीत. कोणता विभाग मारायचा याचा निर्णय, आणि त्याचा रोष, रीजंट्सच्या वाट्याला येतो.

विद्यापीठाची सर्व मार्गांची मिळून वार्षिक उलाढाल तेव्हा ९० कोटी डॉलरच्या आसपास होती. त्या मानाने १३.५ कोटी म्हणजे १५ टक्केच की, असा युक्तिवाद त्या काळात ऐकू येत असे. तो फसवा आहे, आणि अशा प्रत्येक वादात तो पुन्हा डोके वर काढतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या ९० कोटींतला मोठा भाग हेतुबद्ध असतो. केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानातून भूकंपमापकांची देखभाल करता येते, इंग्रजी शिकवणाऱ्याचा पगार देता येत नाही. वसतिगृहाचे उत्पन्न वसतिगृहाच्या कर्जाला जाते. देणगीदाराने एका अध्यासनासाठी दिलेला पैसा त्याच अध्यासनाला लागतो. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, नोंदणी कार्यालय, वीज आणि उष्णता (फेअरबँक्सला हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो, तिथे इमारती गरम ठेवणे हा मोठा खर्च आहे) हे सगळे चालते ते दोनच मोकळ्या पैशांवर, राज्याचे अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी. कपात या मोकळ्या पैशातूनच होते.

शिवाय हेतुबद्ध पैसाही मोकळ्या पैशाच्या टेकूवर उभा असतो. फेअरबँक्सच्या विद्यापीठाकडे भूभौतिकी संस्था आहे, पोकर फ्लॅट हा अग्निबाण सोडण्याचा तळ आहे, आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मालकीचे ‘सिकुलियाक’ हे ध्रुवीय संशोधन जहाज चालवण्याची जबाबदारी आहे. अशा कामांना बाहेरून मोठी अनुदाने मिळतात, पण ती लिहून आणणारा प्राध्यापक राज्याच्या पैशातल्या पदावर असतो. तो गेला की त्याच्याबरोबर अनुदान जाते, अनुदानातून संस्थेला मिळणारा वरखर्चाचा वाटा जातो आणि त्यावर पगार घेणारे संशोधक विद्यार्थीही जातात.

मग फी का वाढवत नाही? १३.५ कोटी भागिले २६,००० म्हणजे डोईमागे सुमारे ५,२०० डॉलरची वाढ, आणि या विद्यार्थ्यांतले बरेच जण नोकरी सांभाळून एक-दोन विषय शिकणारे अर्धवेळ विद्यार्थी. एवढी वाढ लावली तर जे राहतील त्यांच्याकडून ती वसूल होण्याआधीच बाकीचे निघून गेलेले असतील.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयांतल्या मान्य पदांचे पगार शासन उचलते, त्यामुळे काटकसर बहुतेक वेळा एका आकड्याच्या रूपात येत नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. झीज वर्षानुवर्षे होते आणि तिची बातमी होत नाही. अलास्कात राज्य ठोक रक्कम देते, ती कुठे वापरायची ते रीजंट्स ठरवतात, त्यामुळे एका सहीने सगळ्या संस्थेचा पाया हलला.

पंचेचाळीस मतांची भिंत

राज्यपालांनी एकूण ४४.४ कोटी डॉलरचे व्हेटो केले होते. विद्यापीठाचा वाटा त्यात सर्वांत मोठ्यांपैकी एक. खर्चाच्या बाबतीतला व्हेटो उलथवायला अलास्कात संयुक्त बैठकीत तीन-चतुर्थांश, म्हणजे ६० पैकी ४५ मते लागतात. राज्यपालांनी विशेष अधिवेशन राजधानी जुनोऐवजी वसिला इथे बोलावले. बहुसंख्य आमदार जुनोला जमले, बावीस जण जुनोला आलेच नाहीत आणि त्यांतले बरेच वसिलाच्या माध्यमिक शाळेत बसले. १० जुलैला जुनोत मतदान झाले: ३७ विरुद्ध १. बहुमत जवळपास एकमुखी असूनही आठ मते कमी पडली, आणि मुदत संपल्यावर व्हेटो कायम झाला.

नोटिशीचे गणित

आता वित्त विभागाच्या टेबलावर काय होते ते पाहू. या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

१३.५ कोटी भागिले बारा महिने, म्हणजे महिन्याला १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर. आठवड्याला सुमारे २६ लाख. खर्च पूर्वीच्याच वेगाने चालू राहिला, तर दर आठवड्याला एवढा खड्डा पडत जातो. बचत १ जुलैपासून सुरू होऊ शकली असती, तर वार्षिक १३.५ कोटींचा खर्च बंद करून भागले असते. पण बचत १ ऑक्टोबरला सुरू झाली, तर तीच रक्कम नऊ महिन्यांत वाचवावी लागते. तेव्हा महिन्याला दीड कोटी, म्हणजे वार्षिक १८ कोटींच्या वेगाने खर्च तोडावा लागतो. १ जानेवारी उजाडला, तर महिन्याला सव्वादोन कोटी, वार्षिक २७ कोटींचा वेग. कपात तेवढीच, पण सहा महिने गेले की घाव दुप्पट खोल बसतो.

माणसांत मोजून पाहा. पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन धरून एका पदाचा वार्षिक खर्च समजण्यापुरता १ लाख डॉलर मानू. पूर्ण वर्षाची बचत मिळत असेल, तर १,३५० पदे. १ ऑक्टोबरपासून १,८००. १ जानेवारीपासून २,७००. जॉन्सन यांनी त्या वेळी सुमारे १,३०० जणांच्या नोकऱ्या जातील असे सांगितले होते. पण उशिराचा प्रत्येक आठवडा हा आकडा वर ढकलत होता. त्यातून निरोप देतानाचे खर्च वेगळे: साठलेल्या रजेचे पैसे, बेकारभत्त्याचा भार. पहिल्या वर्षी ही बचत कागदावरच्यापेक्षा नेहमी कमी निघते.

नोटिशीची मुदत हा यातला निर्णायक भाग. कायम झालेल्या प्राध्यापकाला नेहमीच्या पद्धतीने, अभ्यासक्रम बंद करून, काढायचे तर मुदत इतकी लांब असते की चालू वर्षात बचत शून्य. आर्थिक आणीबाणी जाहीर केली, तर विद्यापीठाच्या नियमांनुसार ही मुदत ६० दिवसांपर्यंत खाली येते. २२ जुलैला आणीबाणी जाहीर करून त्याच दिवशी नोटिसा काढल्या असत्या, तरी ६० दिवस २० सप्टेंबरला भरतात. म्हणजे घाईत घाई केली तरी १ ऑक्टोबरचे गणित लागू होते. आणीबाणीला पर्याय नव्हता असे म्हणणाऱ्यांचा आधार हा होता.

लगेच करता येण्यासारख्या गोष्टी पहिल्या दिवसापासून झाल्या. नवी भरती थांबली, प्रवास आणि मोठी खरेदी थांबली, सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेच्या शक्यतेच्या नोटिसा गेल्या. पण या उपायांची ताकद किती? दहा दिवसांची बिनपगारी रजा म्हणजे वर्षाच्या २६० कामाच्या दिवसांतले दहा, पगाराच्या चार टक्क्यांहून कमी. भरतीबंदीचा दोष वेगळाच आहे: जागा कुठे रिकामी होईल हे संस्था ठरवत नाही, जो सोडून जातो तो ठरवतो. सोडून जातात ते ज्यांना दुसरीकडे सहज नोकरी मिळते ते, म्हणजे परिचर्या, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राचे शिक्षक. नेमके हेच विभाग विद्यार्थ्यांनी भरलेले असतात.

अभ्यासक्रम बंद करण्यातली मेख अशी की बचत उशिरा येते आणि तोटा ताबडतोब. ज्यांनी आधीच प्रवेश घेतला आहे त्यांना पदवीपर्यंत नेण्याची वाजवी सोय करावी, अशी अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेची अट असते. म्हणजे चार वर्षांच्या पदवीचे शेवटचे वर्ग पुढची दोन-तीन वर्षे चालवावे लागतात, आणि त्यासाठी शिक्षक ठेवावे लागतात. दुसऱ्या बाजूला, बंद होणार अशी नुसती कुणकुण लागली की नवे प्रवेश त्याच महिन्यात आटतात.

एकदम तीन-चार बाजूंनी

रीजंट्सनी १५ जुलैच्या बैठकीत आणीबाणीचा निर्णय पुढे ढकलला. विधिमंडळ काहीतरी मार्ग काढेल अशी आशा त्यामागे होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. १७ जुलैला मूडीज या पतमापन संस्थेने विद्यापीठाचे पतमानांकन ए१ वरून बीएए१ वर, म्हणजे तीन पायऱ्या खाली आणले. कर्जरोख्यांवर चालणाऱ्या संस्थेसाठी याचा अर्थ पुढची प्रत्येक उसनवारी महाग. २२ जुलैला मंडळ पुन्हा बसले आणि १० विरुद्ध १ मतांनी आर्थिक आणीबाणी जाहीर झाली.

त्याच सुमारास शिष्यवृत्त्यांचाही घोळ झाला, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो व्हेटोइतकाच वाईट होता. राज्यघटनेतल्या तरतुदीप्रमाणे दर ३० जूनला अनेक लहान निधींमधली शिल्लक राज्याच्या राखीव निधीत ओढली जाते. दरवर्षी विधिमंडळ तीन-चतुर्थांश मतांनी ती परत त्या त्या निधीत टाकत असे. इतकी वर्षे हा एक उपचार होता. २०१९ मध्ये ती मते जमली नाहीत. अलास्का परफॉर्मन्स शिष्यवृत्ती ज्या निधीतून दिली जाते तो रिकामा झाला आणि बारावीत चांगले गुण मिळवून वर्षाला ४,७५५ डॉलरपर्यंतच्या मदतीवर विसंबलेल्या हजारो मुलांना, वर्ग सुरू व्हायला काही आठवडे असताना, पैसे मिळतील याची खात्री नाही असे कळवावे लागले. जुलैअखेर विधिमंडळाने तो निधी पूर्ववत केला. पण ज्या कुटुंबाने मधल्या काळात मुलाला वॉशिंग्टन किंवा ओरेगॉन राज्यातल्या महाविद्यालयात घातले, ते परत आले नाही. आकड्यांत भरून निघालेली कपात अशी प्रवेशांत शिल्लक राहते.

अधिस्वीकृती देणाऱ्या नॉर्थवेस्ट कमिशननेही राज्यातल्या नेत्यांना लेखी सावध केले. अधिस्वीकृती म्हणजे दर्जाचे नुसते प्रमाणपत्र नव्हे. ती गेली की विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत आणि कर्ज मिळणे बंद होते, आणि मग फीचे उत्पन्नही जाते. अँकरेजच्या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांची स्वतंत्र अधिस्वीकृती त्याच वर्षी जानेवारीत गेली होती, त्यामुळे हा धोका लोकांना कल्पनेतला वाटत नव्हता.

एक विद्यापीठ की तीन

आणीबाणीनंतर मुख्य प्रश्न उभा राहिला तो कुठे कापायचे याचा. तिन्ही विद्यापीठांवर सारखी कपात वाटायची, की तीन अधिस्वीकृत्यांऐवजी एकच ठेवून सगळे एका विद्यापीठात बसवायचे? जॉन्सन एकीकरणाच्या बाजूचे होते. तीन प्रशासने, तीन व्यवस्थापन शाखा, तीन नोंदणी पद्धती कशाला, हा त्यांचा मुद्दा. ३० जुलैला रीजंट्सनी ८ विरुद्ध ३ मतांनी त्या दिशेने तयारी करायला सांगितले.

आमच्या मते इथे एका संकटाचे औषध दुसऱ्या संकटाला लावले गेले. एकीकरणाने दीर्घ मुदतीत काही बचत झालीही असती. पण अधिस्वीकृतीतला एवढा मोठा बदल मंजूर करून घ्यायला वर्षे लागतात. अभ्यासक्रम, पदव्यांच्या अटी, प्राध्यापक संघटनांचे करार, माहिती प्रणाली हे सगळे जुळवायला उलट आधी खर्च येतो. ज्या वर्षात १३.५ कोटींचा खड्डा होता, त्या वर्षात यातून हाती काही लागणार नव्हते. तिन्ही ठिकाणच्या प्राध्यापकांचा मात्र मंडळावरचा विश्वास उडाला, कारण संकटाचे निमित्त करून जुनी योजना पुढे रेटली जाते आहे असे त्यांना वाटले. शरद ऋतूत रीजंट्सनी हे पाऊल आवरते घेतले आणि फेअरबँक्सची अधिस्वीकृती नव्याने ठरेपर्यंत विषय बाजूला ठेवला.

सारखी कपात न्याय्य वाटते, पण तिच्यातही खोट आहे. जुनोचे विद्यापीठ सर्वांत लहान. तिथे एका विभागात दोन-तीन शिक्षक. त्यातला एक गेला की पदवीच बंद. मोठ्या विभागात तीच टक्केवारी म्हणजे वर्गातली मुले जरा वाढणे. टक्केवारी तीच ठेवून परिणाम तेच राहत नाहीत, हे मंडळातल्या चर्चेत वारंवार पुढे आले.

तडजोड

विधिमंडळाने जुलैअखेर नवे विधेयक करून विद्यापीठाचे ११ कोटी परत घातले. त्यावर पुन्हा व्हेटो येणार का, या प्रश्नाला १३ ऑगस्टला उत्तर मिळाले: राज्यपाल आणि रीजंट्सचे अध्यक्ष जॉन डेव्हिस यांनी एका करारावर सह्या केल्या. कपात तीन वर्षांत ७ कोटींची: पहिल्या वर्षी अडीच कोटी, दुसऱ्या वर्षी अडीच, तिसऱ्या वर्षी दोन. ३२.७ वरून २५.७ कोटी, म्हणजे २१ टक्के. आठवडाभरात, २० ऑगस्टला, रीजंट्सनी आर्थिक आणीबाणी उठवली. लाभांश त्या वर्षी १,६०६ डॉलर निघाला, ३,००० नव्हे.

वर मांडलेले गणित या आकड्यांवर लावून पाहा. पहिल्या वर्षीचे अडीच कोटी नऊ महिन्यांत वाचवायचे, तर महिन्याला सुमारे २८ लाख, दीड कोटी नव्हे. एवढी रक्कम निवृत्त्या, रिकाम्या जागा, लांबवलेली दुरुस्ती आणि थोड्या अभ्यासक्रमांच्या कपातीतून निघू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचे आकडे आधीच माहीत असल्यामुळे नोटिसा वेळेवर देता आल्या, आणि बंद होणाऱ्या अभ्यासक्रमातल्या मुलांची सोयही लावता आली. वेदना कमी झाली नाही. २१ टक्के ही कुठल्याही विद्यापीठाला मोठी कपात आहे, आणि ती २०१४ पासून चाललेल्या घटीच्या वर आली होती. पण तिचे नियोजन करणे माणसाला शक्य होते.

राजकीय किंमतही राज्यपालांना मोजावी लागली. १ ऑगस्टला त्यांना परत बोलावण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्याला २८,५०१ सह्या लागत होत्या, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ४९,००० जमल्या. ती मोहीम पुढे मतदानापर्यंत पोचली नाही, आणि २०२२ मध्ये डनलेव्ही पुन्हा निवडून आले.

नंतरची वर्षे

जून २०२० मध्ये रीजंट्सनी चाळीसच्या आसपास अभ्यासक्रम बंद, विलीन किंवा कमी करायला मंजुरी दिली. तोवर कोविड आला होता, वसतिगृहे रिकामी होती, आणि कराराचे दुसरे वर्ष उंबरठ्यावर होते. त्याच महिन्यात जॉन्सन पायउतार झाले. त्यांच्या जागी पॅट पिटनी आल्या, आधी हंगामी आणि मग कायम. त्या वॉकर यांच्या काळात राज्याच्या अर्थसंकल्प विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्याआधी फेअरबँक्स विद्यापीठाच्या प्रशासनात होत्या. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे आकडे पाहिलेली व्यक्ती त्या वेळी तिथे असणे विद्यापीठाच्या पथ्यावर पडले, असे आम्हाला वाटते.

ऑगस्ट २०२० मध्ये अँकरेजने आइस हॉकी, जिम्नॅस्टिक्स आणि स्कीइंग हे तीन खेळ बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला; वर्षाला सुमारे २५ लाख डॉलर वाचणार होते. लोकांनी गहजब केल्यावर रीजंट्सनी एक अट घातली: प्रत्येक संघाने दोन वर्षांचा खर्च देणग्यांतून उभा करावा, म्हणजे तो खेळ टिकेल. स्कीइंगला ६ लाख २८ हजार, जिम्नॅस्टिक्सला ८ लाख ८८ हजार आणि हॉकीला ३० लाख. माजी खेळाडू, स्थानिक दुकानदार आणि पालक यांनी पैसे गोळा केले आणि तिन्ही संघ वाचले. हॉकीचा आकडा ऑगस्ट २०२१ च्या शेवटी पूर्ण झाला आणि संघ २०२२-२३ च्या हंगामात बर्फावर उतरला. देणग्यांची अट दोन वर्षांपुरती होती. तिसऱ्या वर्षापासून खर्च पुन्हा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात धरावा लागणार होता. बंद झालेल्या अभ्यासक्रमांना अशी देणग्यांची वाट दिली गेली नव्हती.